प्राग एकट्याने: पहिल्या तीन दिवसांचा बेत, पहाटेपासून

भारतातून युरोपात गेलं की पहिले दोन-तीन दिवस पहाटे साडेतीन-चारलाच डोळे टक्क उघडतात. प्राग उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे चार वाजलेले असतात तेव्हा शरीराच्या हिशेबाने सकाळचे साडेसात-साडेआठ होऊन गेलेले असतात, मग झोप लागणार कशी? बहुतेक जण पुन्हा झोपायची खटपट करतात आणि दहा वाजता चिडचिडे होऊन बाहेर पडतात, नेमके गर्दीच्या तोंडी.

माझं म्हणणं असं की प्रागमध्ये एकट्याने फिरताना या जागरणाइतकी कामाची दुसरी गोष्ट नाही. शहर लहान आहे, जुना भाग पायी होतो आणि तो बघायला रोज सगळी दुनिया येते. सकाळी साडेनऊनंतर चार्ल्स ब्रिजवर खांद्याला खांदा लागतो. पहाटे मात्र तिथे धावायला आलेले चार लोक, एखादं लग्नाचे फोटो काढणारं जोडपं आणि नदीवरचे पक्षी, एवढेच असतात. ग्रुपसोबत गेलं तर सगळ्यांना पाचला उठवण्यातच साडेसात वाजतात. एकट्याला फक्त स्वतःचे बूट शोधायचे असतात. तेव्हा पुढचा बेत सगळा घड्याळाभोवती बांधला आहे: प्रसिद्ध जागा पहाटे, आतून बघायच्या इमारती उघडल्या उघडल्या, दुपारी मध्यवस्तीतून काढता पाय, आणि संध्याकाळी नदीकाठ.

निघण्याआधी

व्हिसा शेंगेनचा लागतो. त्यासाठीच्या प्रवास विम्यात किमान ३०,००० युरोचं वैद्यकीय संरक्षण हवं. ही माहिती कुठेही मिळेल. कमी बोललं जातं ते पैशांबद्दल. चेक प्रजासत्ताक युरोपियन युनियनमध्ये आहे, पण तिथलं चलन युरो नाही, कोरुना आहे. आपल्याकडे फॉरेक्स कार्डावर युरो भरून देतात आणि लोक खुशाल निघतात. ते कार्ड प्रागमध्ये चालतं, पण प्रत्येक व्यवहारात युरोचे कोरुना होताना कार्डवाले वर काही टक्के लावतात. कार्ड घेतानाच विचारा, ‘क्रॉस करन्सी’ आकार किती? मग तुमच्या साध्या डेबिट किंवा क्रेडिट कार्डाचा परदेशी व्यवहाराचा आकार किती, तेही बघा आणि जे स्वस्त पडेल ते मुख्य कार्ड ठरवा. दुसरं कार्ड वेगळ्या खिशात ठेवायचं. एकट्या माणसाला उसने पैसे द्यायला शेजारी कुणी नसतं.

राहायला ओल्ड टाउन स्क्वेअरच्या अगदी कुशीतलं हॉटेल फोटोत छान दिसतं, पण रात्री दोन वाजता खिडकीखालून बिअर प्यायलेल्या टोळ्या गात जातात. मी नाम्येस्ती मीरु या मेट्रो स्टेशनच्या आसपास राहायला सांगेन. हा विनोह्रादी भाग. वस्ती नांदती, किराणा दुकानं, बेकऱ्या, झाडं. मेट्रोची हिरवी ए लाइन आणि किल्ल्याकडे जाणारी २२ नंबरची ट्राम, दोन्ही तिथूनच. रात्री एकटीने परतायचं असेल तरी रस्त्यावर जाग असते. बुकिंग करताना लिफ्ट आहे का आणि रिसेप्शन किती वाजेपर्यंत उघडं असतं, हे विचारून घ्या. जुन्या इमारतींमध्ये चौथ्या मजल्यापर्यंत बॅग उचलून न्यावी लागण्याची शक्यता खरी असते. चाकांची बॅगही जपून निवडा. प्रागचे फुटपाथ बोटभर दगडांच्या नक्षीचे आहेत आणि रस्ते गोट्यांचे, त्यामुळे हलकी चाकं तिथे टिकत नाहीत. बुटांचा तळही जाड हवा.

फ्रँकफर्ट किंवा म्युनिकला विमान बदलणार असाल तर इमिग्रेशन तिथेच होतं, म्हणून मध्ये दोन-तीन तास ठेवा. दुबई, दोहा, इस्तंबूलमार्गे आलात तर इमिग्रेशन प्रागलाच. शक्यतो दुपारी पोचणारं विमान घ्या. सकाळी सातला पोचून खोली मिळेपर्यंत बॅग सांभाळत बसण्याने पहिला दिवस वाया जातो.

विमानतळ ते खोली

विमानतळाबाहेर ५९ नंबरची ट्रॉलीबस उभी असते. ती नाद्राझी वेलेस्लावीन या मेट्रो स्टेशनला सोडते आणि पुढे ए लाइनने थेट शहरात. याला ९० मिनिटांचं एक तिकीट पुरतं. बस, ट्राम, मेट्रो सगळ्यांना एकच तिकीट चालतं: ३० मिनिटं, ९० मिनिटं, २४ तास आणि ७२ तास असे प्रकार आहेत. तीन दिवसांसाठी ७२ तासांचं घेऊन टाका, म्हणजे दर वेळी विचार नको.

आता तिकिटातली गोम. मेट्रोला आपल्यासारखे उघडबंद होणारे दरवाजे नाहीत. सरळ आत चालत जाता येतं, कुणी अडवत नाही. मात्र कागदी तिकीट पहिल्या प्रवासाआधी पिवळ्या मशीनमध्ये घालून त्यावर वेळ छापून घ्यावी लागते. ते राहिलं तर तिकीट खिशात असूनही तुम्ही विनातिकीट ठरता. साध्या कपड्यातले तपासनीस बिल्ला दाखवून तिकीट मागतात आणि पर्यटकांच्या स्टेशनांवर ते हमखास असतात. ‘मी परदेशी आहे, ठाऊक नव्हतं’ याने दंड टळत नाही. ट्राममधल्या मशीनवर कार्ड टेकवून घेतलेल्या तिकिटावर मात्र वेळ आधीच छापलेली असते, ते पुन्हा छापायचं नाही. ‘लिताच्का’ या अधिकृत ॲपवर घेतलेलं तिकीट सुरू व्हायला थोडा वेळ लागतो, म्हणून ते फलाटावर जाण्याआधीच सुरू करा.

नाम्येस्ती मीरु हे प्रागमधलं सगळ्यात खोल स्टेशन आहे, जमिनीखाली ५३ मीटर. सरकता जिना ८७ मीटर लांब आणि आपल्या मॉलमधल्यापेक्षा बराच वेगवान. बॅग पुढच्या पायरीवर नको, मागे धरा, आणि उजवीकडे उभे राहा. डावी बाजू घाईत असलेल्यांची.

रस्त्यावर आलात की एक नियम पाठ करायचा: ट्राम तुमच्यासाठी थांबत नाही. पट्ट्यांवरून रस्ता ओलांडताना मोटारी थांबतात, त्यामुळे दोन दिवसांत आपण निर्धास्त होतो. पण ट्रामला पादचाऱ्यांच्या आधी जायचा हक्क आहे.

पहिली संध्याकाळ: झोपू नका, आणि पैसे बदलू नका

खोलीवर पोचल्यावर अंघोळ करा आणि बाहेर पडा. आडवे झालात तर रात्री अकराला जागे व्हाल. एवढंच फिरायचं: मेट्रोने मुस्तेकला उतरून पावडर टॉवर, तिथून त्सेलेत्ना रस्त्याने ओल्ड टाउन स्क्वेअर. पूर्वी राजे राज्याभिषेकाला किल्ल्याकडे याच वाटेने जात.

या वाटेवर पैसे बदलायची दुकानं ओळीने लागतील. ‘कमिशन शून्य’ अशी पाटी दिसली की तिथला दरच वाईट, असं समजून चाला. फलकावर मोठ्या अक्षरात असतो तो बऱ्याचदा त्यांचा विकायचा दर. तुमचे युरो घ्यायचा दर बारीक अक्षरात असतो. नोटा देण्याआधी ‘शंभर युरोचे हातात किती?’ हे कागदावर लिहून घ्या. फसलातच तर पावती टाकू नका. १००० युरोपर्यंतचा व्यवहार तीन तासांच्या आत त्याच दुकानात जाऊन रद्द करता येतो, असा चेक कायदा २०१९ पासून आहे. रस्त्यात कुणी जवळ येऊन चांगला दर देऊ केला तर थांबूसुद्धा नका. हातात दुसऱ्याच देशाच्या, कधी चलनातून गेलेल्या नोटा पडतात.

मुळात रोख फारशी लागत नाही. बँकेच्या शाखेला लागून असलेल्या एटीएममधून थोडे कोरुना काढा. मशीन विचारेल, ‘तुमच्या चलनात रूपांतर करू का?’ नाही म्हणा. दुकानातल्या कार्ड मशीनवर रुपये की कोरुना असा पर्याय आला तर नेहमी कोरुना. सुटी नाणी स्वच्छतागृहांसाठी जपा, बऱ्याच ठिकाणी दहा-वीस कोरुना मोजावे लागतात.

चौकातलं खगोलीय घड्याळ १४१० सालचं. सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत दर तासाला वरच्या दोन खिडक्यांतून येशूचे बारा प्रेषित फिरून जातात, सांगाडा घंटेची दोरी ओढतो, शेवटी सोनेरी कोंबडा आरवतो. हे जेमतेम मिनिटभर चालतं, आणि पाहून ‘एवढंच?’ असं म्हणणारे पुष्कळ. खरी गंमत खिडक्यांखालच्या दोन तबकड्यांपैकी वरच्या तबकडीत आहे, आणि ती आपल्याला इतरांपेक्षा लवकर कळते, कारण हे वेळेपेक्षा पंचांग दाखवणारं यंत्र आहे. सूर्याचा सोनेरी काटा आणि चंद्राचा गोळा राशींच्या फिरत्या कड्यावर सरकत असतात. आज सूर्य कुठल्या राशीत, चंद्र कुठल्या, हे थेट वाचता येतं. फक्त त्या राशी सायन, म्हणजे पाश्चात्य पद्धतीच्या, आपल्या निरयन नव्हेत. बाहेरच्या काळ्या कड्यावर जुन्या वळणाचे सोनेरी आकडे आहेत. तो जुना बोहेमियन, म्हणजे चेक, हिशेब, ज्यात दिवस सूर्यास्ताला संपून चोवीस वाजतात. आपला वार सूर्योदयाला बदलतो, त्यांचा मावळतीला. सूर्यास्त रोज सरकतो म्हणून ते अख्खं कडंही वर्षभर मागेपुढे होत राहतं. हे सावकाश बघायचं तर प्रेषितांचा खेळ सुरू नसताना जा. खेळ चालू असताना सगळ्यांचे हात फोन धरून वर असतात आणि खिसे मोकळे. पाकीटमारांना आणखी काय हवं? बॅग पोटाशी घ्या.

तिथेच टाउन हॉलच्या पूर्वेच्या भिंतीजवळ जमिनीत २७ पांढरे क्रूस आहेत. हॅब्सबर्ग राजाविरुद्ध बंड केलेल्या २७ जणांना २१ जून १६२१ रोजी इथे मारलं. लोक त्यावर उभं राहून आइस्क्रीम खात असतात. चौकातल्या गाड्यांवरचे पदार्थ १०० ग्रॅमच्या भावाने विकतात आणि वाढताना हात सैल असतो, तेव्हा वजन आधी सांगा किंवा घेऊच नका. ‘पारंपरिक’ म्हणून मिरवणारं त्र्देल्निक हे दालचिनी-साखरेचं नळकांडंही इथलं जुनं खाणं नव्हे, पर्यटकांसोबत पसरलेलं आहे. गरम असताना बरं लागतं, इतकंच.

नऊ-साडेनऊला झोपा.

दुसरा दिवस: पूल, किल्ला, टेकडी

मेट्रो पाचच्या सुमाराला सुरू होते. जूनमध्ये उजाडतं पाचलाच, सप्टेंबरअखेर सातला, डिसेंबरात आठला. स्तारोम्येस्त्स्का स्टेशनला उतरून पाच मिनिटांत चार्ल्स ब्रिजचा बुरूज येतो.

राजा चौथ्या चार्ल्सने पायाभरणी केली ती १३५७ साली, ९ जुलैला पहाटे ५ वाजून ३१ मिनिटांनी, असं सांगतात. साल, दिवस, महिना आणि वेळ ओळीने लिहिली की १, ३, ५, ७, ९, ७, ५, ३, १ असे चढते-उतरते आकडे होतात. मुहूर्त बघून बांधलेला पूल आपल्याला तरी नवलाचा वाटू नये. लांबी ५१६ मीटर, कमानी १६. दोन्ही कठड्यांवर मिळून ३० शिल्पं, त्यातली बरीचशी आता प्रतिकृती आहेत. मध्यावरचा नेपोमुकच्या संत यानचा कांस्य पुतळा १६८३चा, पुलावरचा सगळ्यात जुना. राजाने १३९३ मध्ये त्याचा छळ करून त्याला व्ल्तावा नदीत फेकवलं. पुतळ्याखालच्या पितळी चित्रांना हात लावून लोक नवस बोलतात, म्हणून तेवढा भाग सोन्यासारखा झळझळतो. पहाटे तिथे रांग नसते. फोटो स्वतःचाच हवा असेल तर फोन कठड्यावर टेकवून टायमर लावा. पुलावर माणसंच नसल्याने मध्ये कुणी येत नाही आणि फोन कुणाच्या हाती द्यावा लागत नाही.

पूल संपता संपता डावीकडच्या जिन्याने काम्पा बेटावर उतरा, गल्ल्यांतून हिंडा आणि माला स्त्रानात कॉफी-नाश्ता करा. मग मालोस्त्रान्स्के नाम्येस्तीहून २२ नंबरची ट्राम घेऊन ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्याला उतरा. नेरुदोवा रस्त्याची चढण चालून जाण्यासारखी आहे, पण पाय संध्याकाळसाठी राखा. ट्राममार्गांवर कामं चालू असतात, म्हणून सकाळी ॲपवर मार्ग बघून घ्या.

किल्ल्याचं आवार सहालाच उघडतं, इमारती नऊला. पावणेनऊला तिकीट-खिडकीपाशी असा आणि आधी संत व्हिटस कॅथेड्रल गाठा, कारण दहानंतर बाहेर रांग वळसे घेते. बांधकाम १३४४ ला सुरू, पुरं झालं १९२९ ला. त्यामुळे पूर्वेचा अर्धा भाग खरा मध्ययुगीन आणि पश्चिमेचा विसाव्या शतकापर्यंत रेंगाळलेला. दगडाचा रंग बघत चालत गेलात तर फरक जाणवतो. डाव्या हाताच्या तिसऱ्या चॅपलमध्ये चेक चित्रकार अल्फोन्स मुखाची रंगीत काचेची खिडकी आहे. सकाळच्या वेळी बाकी कशासाठी नाही तर तिच्यासाठी थांबा.

जुन्या राजवाड्यातला व्लादिस्लाव हॉल एवढा मोठा की सरदार त्यात घोड्यावरून झुंजत. त्याला लागूनच्या कचेरीच्या खिडकीतून १६१८ मध्ये बंडखोरांनी राजाचे दोन अधिकारी आणि एक चिटणीस खाली फेकले. तिघेही वाचले, पण त्यातून युरोपचं तीस वर्षांचं युद्ध पेटलं. खिडकीतून खाली वाकून बघितल्याशिवाय कुणी पुढे जात नाही. गोल्डन लेनमधल्या २२ नंबरच्या बुटक्या घरात लेखक काफ्का १९१६-१७ मध्ये लिहायला बसे. तिथे मात्र दिवसा नुसती रेटारेटी. संध्याकाळी इमारती बंद झाल्यावर ती गल्ली तिकिटाविना मोकळी असते, म्हणून आत्ता सोडून द्या. रविवारी कॅथेड्रल दुपारी बारानंतरच बघता येतं, तेव्हा हा दिवस रविवारी येत असेल तर दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवसाची अदलाबदल करा.

अकरापर्यंत बाहेर पडा आणि चालत स्त्राहोव मठाकडे. तिथल्या ग्रंथालयाची दोन्ही दालनं दारातूनच बघायची, आत सोडत नाहीत. मठाजवळून पेत्रशीन टेकडीवर जाणारी वाट जवळपास सपाट आहे आणि खाली सगळं शहर, सगळे पूल. टेकडीवरचा लोखंडी मनोरा १८९१ चा, पायऱ्या २९९. ऊन असेल तर झाडाखालचं बाकडं बरं.

दीड-दोनला डोळे मिटायला लागतील. खोलीवर जा, तासाभराचा गजर लावा, त्याहून जास्त नको. संध्याकाळी लेत्ना पार्क. १९५५ मध्ये इथे स्टालिनचा अवाढव्य दगडी पुतळा उभारला आणि १९६२ मध्ये सुरुंग लावून उडवला. त्या चौथऱ्यावर आज मोठा मेट्रोनोम, म्हणजे ताल मोजायचा लोलक, डुलतो. जवळच चेस्टनटच्या झाडांखाली बिअर गार्डन आहे. लांब बाकं, कुणीही कुणाशेजारी बसतं, त्यामुळे एकटं बसल्याचं अवघडलेपण नाही.

खाण्याचं

दुपारचं जेवण मुख्य ठेवा. अकरा ते दोन ‘देन्नी मेनू’ असतो: रोजचे ठरलेले दोन-चार पदार्थ, कमी दर, चटकन मिळतात. चौकापासून दोन गल्ल्या लांब, पाटी फक्त चेकमध्ये आणि आत ऑफिसातली माणसं असं दिसलं की शिरा.

शाकाहाऱ्यांचा हमखास आधार म्हणजे स्माझेनी सीर, म्हणजे पाव-चुऱ्यात घोळवून तळलेला चीजचा जाड तुकडा, सोबत बटाटे. बाहेरचं कवच कुरकुरीत, सुरी लावली की चीज ओघळतं. दुसरा ब्राम्बोराक: किसलेल्या बटाट्याचं लसूण घातलेलं थालीपीठच जवळजवळ, पण त्यात अंडं असतं. चीजबरोबर येणाऱ्या पांढऱ्या तातार्कातही अंडं. भाज्यांच्या सूपचं पाणी बहुधा हाडांचं असतं, म्हणून ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाशिवाय, एवढं म्हणून भागत नाही. सूपबद्दल वेगळं विचारा. टेबलावर आपसूक आलेल्या पावाचे पैसे लागू शकतात. बिअर पीत असाल तर ग्लास रिकामा दिसताच दुसरा येतो आणि टेबलावरच्या चिठ्ठीवर रेघ ओढली जाते. पुरे झालं की ग्लासवर पुठ्ठ्याची चकती ठेवायची. टिप दहा टक्क्यांच्या आसपास. कार्ड देतानाच एकूण आकडा बोलून दाखवतात.

दुकानात शिरताना ‘दोब्री देन’ आणि निघताना ‘द्येकुयी’ म्हणा. वाढपी हसला नाही तर मनाला लावून घेऊ नका, तो कुणालाच बघून हसत नाही.

तिसरा दिवस: योसेफोव आणि विशेह्राद

आज जाग पाचच्या सुमाराला येईल. रिकामा ओल्ड टाउन स्क्वेअर आणि ‘तीन’ (Týn) नावाच्या चर्चचे दोन मनोरे तेव्हा बघा. पहिल्या संध्याकाळची जागा ओळखू येत नाही. नऊला योसेफोव या जुन्या ज्यू वस्तीत असा. शनिवारी आणि ज्यू सणांना इथलं सगळं बंद, हे दिवस ठरवतानाच लक्षात घ्या. आधी पिंकास सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ. बोहेमिया आणि मोरावियातल्या, नाझींनी मारलेल्या जवळपास ७८,००० ज्यूंची नावं भिंतींवर हाताने लिहिली आहेत: आडनाव, मग नावं, जन्मतारखा, ओळीमागून ओळी छतापर्यंत. वर तेरेझिनच्या छावणीतल्या मुलांनी काढलेली चित्रं. इथे घाई करू नका, आणि लगेच दुसरं काही ठेवूही नका. बाहेरच्या दफनभूमीत सुमारे १२,००० दगड एकमेकांना रेलून उभे आहेत. जागा पुरेना म्हणून थरावर थर माती घालत दफन केलं.

तिथून चालत वेन्सेस्लास चौक. चौक कसला, ७५० मीटरचा रुंद रस्ता. वरच्या टोकाला राष्ट्रीय संग्रहालयासमोर जमिनीतून उचकटल्यासारखा कांस्याचा क्रूस आहे. सोव्हिएत आक्रमणानंतरच्या निमूटपणाचा निषेध म्हणून यान पालाख या विद्यार्थ्याने १६ जानेवारी १९६९ रोजी इथे स्वतःला पेटवून घेतलं. १९८९ मध्ये कम्युनिस्ट राजवट उलथवणारी गर्दीही याच चौकातली. खालच्या बाजूला १९२९ सालची बाटाची काचेची इमारत दिसली की आपले लोक हमखास थबकतात. होय, शाळेच्या बुटांचा तोच बाटा, मूळचा इथल्या झ्लीन गावचा. रात्री या रस्त्यावर क्लबांचे दलाल मागे लागतात. उत्तर न देता चालत राहायचं. मुख्य रेल्वे स्टेशनसमोरची बागही अंधार पडल्यावर टाळा.

दुपारी मुझेउमहून लाल सी लाइनने विशेह्राद. नदीवरच्या कड्यावरचा हा जुना गड, किल्ल्याच्या मानाने शांत. दफनभूमीत संगीतकार द्वोर्झाक आणि स्मेताना, चित्रकार मुखा आणि लेखक कारेल चापेक आहेत. तटावरून फिरून पायऱ्यांनी नदीवर उतरा आणि नाप्लाव्का धक्क्याने डान्सिंग हाउसपर्यंत चाला. शनिवारी सकाळी या धक्क्यावर शेतकरी बाजार भरतो. ज्यू वस्ती शनिवारी हुकली तर ती सकाळ इथे घालवा. संगीत ऐकायचं असेल तर जुन्या काळचा पोशाख घातलेल्या विक्रेत्यांकडून तिकीट न घेता रुडोल्फिनमच्या खिडकीवर विचारा. चेक फिलहार्मोनिक तिथे वाजवते.

तास-दोन तास उरले तर ए लाइनने देयवित्स्काला जा. तिथे ‘थाकुरोवा’ नावाचा रस्ता आणि रवींद्रनाथ ठाकुरांचा अर्धपुतळा आहे. १९२१ आणि १९२६ मध्ये ते प्रागला आले होते. पर्यटक कुणी नसतं, तंत्र विद्यापीठातली मुलं सायकली लावून बसलेली असतात.

अडचण आली तर ११२. पासपोर्ट हरवला तर आधी पोलिसांचा कागद, मग भारतीय दूतावास, तो प्रागमध्येच आहे. पासपोर्ट, व्हिसा आणि विम्याचे फोटो घरच्या कुणाकडे पाठवून ठेवा, आणि रोज एका ठरावीक वेळी ‘पोचले’ एवढा मेसेज करायचा करार करा. तिथली रात्रीची दहाची वेळ आपल्याकडे दीड-अडीचची होते, म्हणून वेळ संध्याकाळची ठेवा.

परतताना ७२ तासांचं तिकीट नेमकं कधी संपतं ते छापलेल्या वेळेवरून बघा. विमानतळाच्या वाटेवर ते संपत असेल तर ९० मिनिटांचं वेगळं घ्या आणि छापा. नाणी भारतात कुणी बदलून देत नाही, तेव्हा ती शेवटच्या कॉफीत संपवून टाका.